गिरणगावात कोणाची फाईल पळते?

सरकारं बदलतात, मंत्री बदलतात, पण एक घोषणा काही बदलत नाही. उद्योगांना पर्यावरणाच्या परवानग्या लवकर देऊ, एका खिडकीतून देऊ, अडथळे दूर करू. गेल्या वीस वर्षांत ही घोषणा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती कोणाला खटकतही नाही. खटकणार तरी कशी? सरकारी कचेरीत चार खेटे घातलेल्या प्रत्येकाला वाटतं, काम लवकर झालं तर बिघडलं कुठे?

आमचं म्हणणं सरळ आहे. लवकर हा शब्द ऐकला की आधी विचारायचं, कोणासाठी लवकर? आणि त्या घाईत कोणाचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं? हा प्रश्न दिल्लीच्या चर्चासत्रात बसून नीट कळत नाही. परळ, लालबाग, लोअर परळ, दादर, नायगाव या पट्ट्यात तो नीट कळतो. इथे दीडशे वर्षं एका वर्गाला ‘थांबा’ म्हणून सांगितलं गेलं आणि दुसऱ्या वर्गाला ‘चला’ म्हणून. पर्यावरण मंजुरीचा आजचा वाद त्याच इतिहासाचं पुढचं पान आहे.

धूर आधी आला, कायदा मागून

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. गिरणी ताडदेवला उभी राहिली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड, प्रभादेवी इथे चिमण्या उगवल्या. गिरणी काढायची तर आसपास राहणाऱ्यांना विचारायचं अशी कुठलीही पद्धत नव्हती. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं त्या धुराखाली राहिली, एका खोलीत आठ-दहा जण राहिली आणि त्यांनी बारा-चौदा तास यंत्रावर काढले.

पहिला फॅक्टरी कायदा आला १८८१ साली. त्यात काय होतं? सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढंच. मोठ्या माणसाच्या तासांना मर्यादा नाही. तो कायदाही मालकांना जड वाटला. आमच्या सत्यशोधक परंपरेतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. एका दिवसाच्या सुट्टीसाठी सहा वर्षं.

धुराचं काय? मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ साली झाला. पहिल्या गिरणीपासून मोजलं तर अर्ध्या शतकाहून जास्त काळ. कारखान्याला परवानगीसाठी थांबावं लागलं नाही. श्वास घेणाऱ्याला मात्र कायद्यासाठी दोन पिढ्या थांबावं लागलं. ‘उद्योगाला अडथळा नको’ हे धोरण नवीन आहे असं जे सांगतात, त्यांनी हा हिशेब पाहावा. गिरणगाव अडथळ्याविना उभं राहिलं आणि त्याची किंमत चाळीतल्या माणसांनी छातीत कापूस साठवून मोजली.

बाबासाहेबांनी परळमध्ये काय पाहिलं

बाबासाहेबांनी आयुष्यातली दोन दशकं परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत काढली. ती चाळ सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १८९६ च्या प्लेगनंतर हा ट्रस्ट स्थापन झाला होता. बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम परळच्याच दामोदर हॉलमधून चाललं. म्हणजे गिरणगाव बाबासाहेबांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, ते रोज जिना उतरून त्यात जात होते.

त्यांनी पाहिलं की गिरणीच्या आतही वर्णव्यवस्था आहे. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, आणि नेमकं त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि धोटा ‘बाटतो’. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि विचारलं, कामगारांची एकजूट हवी असेल तर ही बंदी आधी उठवणार का? कामगारांच्या मागण्यांच्या यादीत आमच्या माणसाची मागणी शेवटी यायची, हे तेव्हाचंही सत्य होतं.

दहा वर्षांनी, १९३८ साली, मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणलं. आजच्या विषयासाठी ते नीट समजून घेण्यासारखं आहे. त्या विधेयकाने संप सरळ बंद केला नाही. त्याने कामगाराला ‘थांबा’ म्हटलं. आधी नोटीस द्या, मग समेटाच्या पायऱ्या चढा, मुदती पाळा, कागदपत्रं करा. या सगळ्याच्या आत संप केलात तर तो बेकायदेशीर आणि तुम्ही शिक्षेला पात्र. स्वतंत्र मजूर पक्षाने या विधेयकाला कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या साथीने एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांचा मुद्दा होता की संप करणं म्हणजे आपलं श्रम न देण्याचं स्वातंत्र्य. त्याला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणं, म्हणजेच गुलामी.

याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं. कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिचं श्रेय त्यांच्या खात्याला जातं. आणि १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी एक गोष्ट मांडली, जी आज प्रत्येक ‘व्यवसाय सुलभते’च्या भाषणानंतर वाचायला हवी. सरकारने हात मागे घेतला की सगळ्यांना स्वातंत्र्य मिळतं, हा भ्रम आहे असं त्यांनी सांगितलं. मग जमीनदार भाडं वाढवायला मोकळा होतो, मालक तास वाढवायला आणि मजुरी कापायला मोकळा होतो. सरकारची सत्ता गेली की तिच्या जागी खाजगी मालकाची सत्ता येते, आणि तिला मतपेटीतून जाब विचारता येत नाही.

आम्ही पर्यावरणाचा प्रश्न इथून बघतो. आमच्यासाठी हा झाडं-पाखरांपुरता प्रश्न नाही. चवदार तळ्यापासून आमचा लढा पाण्याचा आहे: सार्वजनिक गोष्ट कोणाची, आणि तिच्याबद्दल बोलायचा अधिकार कोणाला?

संप, जमीन आणि एका वाक्यातली दुरुस्ती

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप बेकायदेशीर ठरवला गेला. कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. १९३८ साली ज्या ‘थांबा’विरुद्ध बाबासाहेब उभे राहिले, त्याच ‘थांबा’ने १९८२ साली गिरणगाव मोडलं. संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. कामगार विझत गेला, एवढंच.

गिरण्या बंद पडल्या, पण जमीन राहिली. ५८ गिरण्यांची मिळून जवळपास ६०० एकर. यातली बरीच जमीन कापड उद्योगासाठी म्हणून सवलतीने दिलेली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. त्याचा साधा अर्थ असा: गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करा. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सहाशे एकरांचे तीन भाग केले तर दोनशे एकर उद्यानं-मैदानं आणि दोनशे एकर सामान्य माणसाची घरं. ज्या मुंबईत माणशी मोकळी जागा ताटाएवढीही नाही, तिथे दोनशे एकर!

मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. तीन वाटे आता पूर्ण जमिनीचे करायचे नाहीत. गिरणीच्या आवारात ज्या जागेवर आधीपासून बांधकाम नव्हतं, तेवढ्याच जागेचे करायचे. गिरणी म्हणजे शेड, गोदामं, खाती. मोकळी जागा असणार किती? एका वाक्याने शहराचा वाटा आटला.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली. तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या लिलावात निघाल्याही होत्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल २००५ साली ७०२ कोटींना गेली.

मार्चमध्ये जमीन, सप्टेंबरमध्ये तोंड

आता पर्यावरण मंजुरीकडे येऊ. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या एका रात्री हजारो माणसं वायूने मेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ ला पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. काही ठरावीक प्रकल्पांनी काम सुरू करण्याआधी हवा, पाणी, जमीन, माणसं यांच्यावर काय परिणाम होईल ते सांगायचं, आणि मग मंजुरी घ्यायची. १९९७ साली त्यात जनसुनावणी आली. या देशात पहिल्यांदाच शेजारच्या माणसाला विचारलं जाऊ लागलं. जुलै २००४ मध्ये मोठी बांधकामंही या अधिसूचनेखाली आणली गेली. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढायला लागले तोच हा काळ.

आणि मग १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना आली. आज जी चालते ती हीच. तिच्यात वेग आहे. मूल्यांकन समितीला ६० दिवस, मग निर्णयाला ४५ दिवस, एकूण १०५ दिवस. या मुदतीत निर्णय कळवला नाही, तर समितीने केलेली शिफारस हाच निर्णय मानून अर्जदार पुढे जाऊ शकतो. म्हणजे फाईल झोपली तरी मालकाचं काम थांबत नाही.

पण गिरणगावासाठी महत्त्वाची ओळ दुसरीच आहे. या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं मंजुरीच्या कक्षेत ठेवली, मात्र इमारती, क्षेत्रविकास आणि टाउनशिप या सगळ्या वर्गाला जनसुनावणीतून सूट दिली. कोणते परिणाम तपासायचे हे प्रत्येक प्रकल्पासाठी आधी वेगळं ठरवण्याची जी पायरी असते, तीही तेव्हा त्यांना लावली नाही. अर्ज, जोड-अर्ज आणि संकल्पचित्र एवढ्यावर काम भागवलं. जिथे जनसुनावणी असते तिथे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीच नाही म्हटल्यावर मराठी सारांशाची सक्तीही नाही. लालबागच्या चाळीसमोर साठ मजली मनोरा येणार असेल, तर चाळीतल्या माणसाला मराठीत एक पानही मिळायची तरतूद उरली नाही.

मार्च २००६ मध्ये गिरणगावाचा जमिनीवरचा वाटा गेला. सहा महिन्यांनी त्याच जमिनीवर काय उभं राहील याबद्दल बोलायची जागाही नाकारली गेली. हे दोन निर्णय दोन वेगळ्या संस्थांचे आहेत, कोणी एकत्र बसून कट केला असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या अंगावर दोन्ही एका वर्षात पडले तो माणूस एकच होता.

सुनावणी झाली असती तर काय झालं असतं? मनोरे आलेच नसते असं नाही. पण पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी उठून विचारलं असतं: या कचेऱ्यांत रोज जी हजारो माणसं येणार ती स्टेशनातून बाहेर कशी पडणार? जिना किती रुंद आहे? मलनिस्सारणाच्या जुन्या वाहिन्या हे पेलणार का? चाळीच्या नळाला आत्ताच पाणी दोन तास येतं, मग या तरणतलावाला कुठून? केईएम आणि टाटाच्या दारात रुग्णवाहिका कशी पोचणार? हे प्रश्न विचारायला अभियंता लागत नाही. रोज त्या जिन्यावरून जाणारा माणूस पुरतो.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसं मेली. या मृत्यूंना एखादी पर्यावरण मंजुरी थेट जबाबदार आहे असा आमचा दावा नाही. त्यांची कारणं अनेक आहेत, यंत्रणाही अनेक. पण जे शहर मोठ्या बांधकामांचा एकत्रित भार शेजाऱ्याच्या तोंडून कधी ऐकूनच घेत नाही, त्या शहराला तो भार मृतांची मोजदाद करतानाच समजतो.

वेगाला तारे, प्रश्नाला शून्य

पुढची वीस वर्षं एकाच दिशेची आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘परिवेश’ हे एक खिडकी पोर्टल सुरू झालं. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने मोठ्या बांधकामांची पर्यावरण तपासणी स्थानिक संस्थांकडे, म्हणजे बांधकाम परवानगी देणाऱ्यांकडेच सोपवायचं ठरवलं. नाव काय घेतलं? सर्वांसाठी घरं! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यातल्या मुख्य तरतुदी अडवल्या. गरिबाच्या घराचं नाव पुढे करून बिल्डरची वाट मोकळी करण्याची ही पद्धत गिरणगावाला नवी नाही.

मार्च २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणायची, आणि आधी काम, मग मंजुरी या प्रकाराला कायमची वाट करून द्यायची, अशा त्याच्या तरतुदी. देश टाळेबंदीत होता. मसुदा हिंदी-इंग्रजीत. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्या, असं सांगायला दिल्ली उच्च न्यायालय लागलं. ज्याला हरकत घ्यायची आहे त्याला कळेल अशा भाषेत कागद द्यायचा, ही गोष्टसुद्धा कोर्टातून मिळवावी लागते! मसुद्याला लाखो हरकती गेल्या आणि तो अंतिम झाला नाही. पण त्यातलं बरंच काही मग एकेका परिपत्रकाने येत राहिलं.

जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राज्यस्तरीय प्राधिकरणांना तारे द्यायचं ठरवलं. कशावर? सरासरी ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर २ गुण, १०५ दिवसांच्या वर गेलात तर शून्य. प्रकल्पाच्या जागेला भेटी कमी दिल्या, अर्जदाराला जादा माहिती कमी वेळा विचारली, तर गुण. जागेवर जाऊन पाहणारा अधिकारी नापास, न बघता सही करणारा पंचतारांकित! पर्यावरणाची राखण करायला नेमलेल्या संस्थेला वेगावर गुण देणं म्हणजे परीक्षकाला ‘किती मुलं पास केलीस’ यावर बढती देणं.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. ज्या जागेचा भाव शेकडो कोटींत आहे, तिथे १५ लाख हा दंड नसून चहापाण्याचा खर्च आहे.

आणि २०२५. मुंबईच्याच ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर १६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने कार्योत्तर मंजुरी बेकायदेशीर ठरवली. १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. हजारो कोटींचे, त्यातही सार्वजनिक, प्रकल्प पाडावे लागतील ही चिंता बहुमताच्या निकालात होती. त्या बहुमतात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. ते आमच्याच परंपरेतले, त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण व्यक्तिपूजा करू नका हे बाबासाहेबांनीच शिकवलं. म्हणून नम्रपणे पण स्पष्ट सांगतो, न्यायमूर्ती भुयान यांचं विरोधी मत आम्हाला जास्त पटतं. बांधून झालेल्या भिंतीची किंमत मोजता येते म्हणून ती तराजूत पडते. न विचारलेल्या माणसाच्या श्वासाची किंमत कोणी मोजलेली नसते, म्हणून ते पारडं कायम हलकं राहतं.

पण आपल्या पोरांनाही धंदा करायचा आहे

इथे काही तरुण मित्र आम्हाला अडवतील. म्हणतील, तुम्ही परवानाराजची वकिली करता. आपल्या समाजातली मुलं आता वर्कशॉप टाकतात, फॅब्रिकेशन करतात, कातडी मालाचे कारखाने काढतात. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स पुण्यात २००५ साली उभी राहिली ती काय उगाच? परवानगी लटकली तर मोठ्याचं काही जात नाही, त्याचा माणूस मंत्रालयात बसलेला असतो. आपला पोरगा मात्र बँकेच्या व्याजाखाली मरतो, आणि वर इन्स्पेक्टरचा हात ओला करावा लागतो.

हा आक्षेप खोटा नाही. म्हणून तो टाळून पुढे जाणार नाही. लहान उद्योजकाला विनाकारण थांबवणं हाही अन्यायच आहे, आणि थांबवण्याची सत्ता ज्याच्या हातात असते तो ती जात बघून वापरतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली उद्योगांच्या लाल, नारिंगी, हिरव्या वर्गांच्या जोडीला पांढरा वर्ग केला आणि जवळपास प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांना संमतिपत्राच्या फेऱ्यातून सोडवलं. तत्त्व म्हणून ते योग्य होतं. ज्याने हवा-पाणी बिघडत नाही त्याला कशाला अडवायचं?

पण नीट बघा. पर्यावरण मंजुरी, म्हणजे १०५ दिवसांची ती फाईल, आपल्या पोराच्या वर्कशॉपला लागतच नाही. ती लागते २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला, खाणीला, धरणाला, मोठ्या कारखान्याला. लहान माणसाचा त्रास पुढे करून सूट मोठ्याला द्यायची, ही जुनी युक्ती आहे. लहान उद्योजकाला हवी असते साधी संमती, ठरलेल्या दिवसात, लाच न देता. मोठ्याला हवं असतं की शेजाऱ्याने प्रश्न विचारू नये. या दोन मागण्यांना ‘व्यवसाय सुलभता’ हे एकच नाव देणं ही चलाखी आहे.

उशीर कशाने होतो हेही वेगळं करून पाहिलं पाहिजे. माणसं कमी आहेत म्हणून उशीर होतो, अर्ज अपुरा आहे म्हणून होतो, पैसे हवे आहेत म्हणून होतो, आणि लोकांचं ऐकायचं आहे म्हणूनही होतो. पहिले तीन उशीर कापा, आम्ही टाळ्या वाजवू. सरकार मात्र चौथ्यावर कात्री चालवतं, कारण त्याला ना नोकरभरती लागते ना भ्रष्टाचाराला हात लावावा लागतो. ज्याचं ऐकायचं तो गरीब असतो, एवढं पुरतं.

अकरा हजार दिवस

आता एक हिशेब करू. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत, ६,९२५ घरांची, २८ जून २०१२ ला निघाली. मधले दिवस मोजा. अकरा हजारांहून जास्त. घरांसाठी अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. २०२० पर्यंत ज्या घरांच्या सोडती निघाल्या ती १६ हजारांच्या आत. अकरा अर्जांमागे जेमतेम एक. उरलेल्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवली गेली, म्हणून जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांच्या बायका-मुलं आझाद मैदानावर भर पावसाळ्यात येऊन बसली. आम्हाला घर मुंबईतच हवं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पर्यावरण मंजुरी आणि कामगाराचं घर या दोन वेगळ्या फायली आहेत हे मान्य. पण दोन्ही फायली त्याच जमिनीच्या आहेत. एकीला १०५ दिवसांची कायदेशीर मर्यादा, मुदत चुकली तरी पुढे जाण्याची सोय आणि लवकर सही करणाऱ्याला तारे. दुसरीला मर्यादाच नाही. कामगाराचा अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही तर ‘घर मिळालं असं मानावं’, अशी तरतूद कोणी केल्याचं आपण ऐकलंय का?

म्हणून आम्ही वेगाला विरोध करत नाही. आम्ही समान वेग मागतो. उद्योगाची मुदत ठरते तशी बाधिताच्या तक्रारीचीही ठरवा, आणि ती चुकली तर काम थांबेल असं लिहा. शहरातल्या प्रचंड बांधकामांना जनसुनावणीतून दिलेली सूट काढा. सुनावणी त्याच वॉर्डात, संध्याकाळी, मराठीत घ्या. मंजुरीच्या अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल मराठीत चाळीच्या फळ्यावर लावा. प्रदूषण मंडळातल्या रिकाम्या जागा आरक्षणासह भरा. माणसं असतील तर फाईल आपोआप पळेल. तारे द्यायचेच असतील तर जागेवर गेलेल्याला द्या, प्रश्न विचारलेल्याला द्या. आणि आधी बांधून मग मंजुरी मागणाऱ्याला सांगा की १९३८ पासून कामगाराला लावलेला नियम तुम्हालाही लागू आहे: परवानगीआधी केलेलं ते बेकायदेशीर.

आणि आपलंही काही काम आहे. परिवेशवर अर्ज सगळ्यांना बघता येतात. आपल्या वस्तीत वकील, अभियंते, डॉक्टर झालेली मुलं-मुली आहेत. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या आदेशाने ती तिथवर पोचली. त्यांनी महिन्यातून एक रविवार, लोखंडेंनी मिळवून दिलेला रविवार, आपल्या वॉर्डातले अर्ज वाचायला आणि बुद्धविहारात बसून ते मराठीत समजावून सांगायला द्यावा. सुनावणी कायद्यात नसेल तर ती विहारात घ्यावी, ठराव करावा आणि प्राधिकरणाकडे पाठवावा. दामोदर हॉलमध्ये सुरुवात अशीच झाली होती.

जय भीम! जय संविधान!